नाकारणे पुरेसे नाही, कळवलेच पाहिजे

(ऑनलाइन आर्थिक फसवणूक आणि नागरिकांचे कर्तव्य या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता बँकेचा वाटेल, परंतु तो तेवढ्यापुरता मर्यादित नाही. आपल्या भ्रमणध्वनीवर पैशांची एखादी खोटी मागणी येते. आपण ती ओळखतो, नाकारतो आणि विसरून जातो. आपले पैसे वाचले, म्हणजे प्रकरण संपले अशी आपली समजूत असते. वास्तविक ते केवळ आपल्यापुरते संपलेले असते. मागणी पाठवणारा त्याच क्रमांकावरून, त्याच बतावणीसह पुढच्या घराचा दरवाजा ठोठावत असतो. त्या घरात कदाचित नुकतेच निवृत्त झालेले एखादे शिक्षक असतील, कदाचित मुलाच्या शुल्कासाठी पैसे जमवणारी एखादी माता असेल.

म्हणून आज मला प्रामुख्याने एकच गोष्ट मांडायची आहे. खोटी मागणी ज्याने ओळखली, त्याने ती योग्य ठिकाणी कळवली नाही, तर त्याची सावधगिरी त्याच्या उंबरठ्याच्या आतच राहते. आणि जो फसला, त्याने संकोचापोटी वेळ दवडला, तर चोराला नेमकी हवी असलेली गोष्ट, म्हणजे सवड, तो स्वतःच्या हाताने देतो.

व्यवस्था आपली, जबाबदारीही आपली

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली. याच संस्थेने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय ही व्यवस्था देशापुढे आणली. त्यानंतर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मंडईतील भाजीवाली, रिक्षाचालक, देवळाबाहेरचा फुलवाला, गावच्या आठवडे बाजारातील व्यापारी, सर्वांच्या हाती ही सोय पोहोचली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या व्यवस्थेतून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भारतीय संस्थेने, भारतीय बुद्धीने उभारलेल्या या व्यवस्थेचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु जिथे पैसा वाहतो, तिथे चोरही येतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सर्व प्रकारच्या सायबर आर्थिक गुन्ह्यांमध्ये देशातील नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. म्हणजे एका वर्षात तो तिपटीच्या पुढे गेला. आणि हे झाले नोंदवलेल्या तक्रारींचे. जे मुकाट्याने गप्प बसले, त्यांचे नुकसान कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.

मागणी येते कशी?

फसवणुकीचे तंत्र समजून घेतल्याशिवाय तक्रारीचे महत्त्व ध्यानी येणार नाही. यूपीआयमध्ये पैसे हलवण्याचे मूळ मार्ग दोन. पहिला, आपण होऊन पैसे पाठवणे. दुसरा, समोरच्याने मागणी पाठवणे आणि आपण ती मंजूर करणे. या दुसऱ्या मार्गाला कलेक्ट रिक्वेस्ट असे म्हणतात. मित्रामित्रांमध्ये खर्चाची वाटणी करावी, उसने दिलेले पैसे आठवण करून मागावेत, अशा साध्या सोयीसाठी तो होता. चोरांनी त्याचाच सापळा केला. दूरध्वनी करून सांगायचे की, "तुमच्या खात्यात पैसे जमा होत आहेत, ते स्वीकारण्यासाठी पिन घाला." समोरचा पिन घालतो आणि पैसे येण्याऐवजी जातात.

यातील एक नियम आपल्या घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असला पाहिजे. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो केवळ पैसे देण्यासाठी आणि स्वतःची शिल्लक पाहण्यासाठी. कोणी पैसे देण्याच्या नावाखाली पिन घालायला सांगत असेल, तर पुढचे एकही वाक्य ऐकण्याची आवश्यकता नाही.

या सापळ्याला आवर घालण्यासाठी आधी व्यक्ती-व्यक्तींमधील अशा मागणीवर दोन हजार रुपयांची मर्यादा होती. पुढे जुलै २०२५ मध्ये कॉर्पोरेशनने आदेश काढला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु एक दार बंद झाले म्हणून चोर व्यवसाय सोडत नाही. तो क्यूआर कोडचे चित्र पाठवतो आणि 'हे स्कॅन करा, पैसे येतील' असे सांगतो. दरमहा आपोआप रक्कम वळती करण्याची संमती, ज्याला ऑटोपे म्हणतात, ती वेगळ्याच कारणाने मिळवतो. वीजबिलाच्या किंवा बँकेच्या नावाने दुवा पाठवतो. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, कृपया परत पाठवा' असा काकुळतीचा दूरध्वनी करतो. रूपे अनेक, मूळ मागणी एकच. आपल्या हाताने, आपल्या पिनने, आपलेच पैसे द्यायला लावणे.

यातील एक रूप विशेष संतापजनक आहे. घर भाड्याने देणे आहे किंवा जुने कपाट विकणे आहे, अशी जाहिरात आपण देतो. थोड्या वेळात एक अत्यंत अदबशीर व्यक्ती दूरध्वनी करते. आपण सैन्यात आहोत, अमुक छावणीत बदली झाली आहे, असे सांगते. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवते. घासाघीस करीत नाही. मग म्हणते, "आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी असते. खाते पडताळण्यासाठी आधी तुम्ही थोडी रक्कम पाठवा, लगेच दुप्पट परत येईल." पहिल्यांदा एक-दोन रुपये खरोखरच परत येतातही. विश्वास बसतो आणि मग हजारोंची रक्कम जाते. सैनिकाबद्दल आपल्या घराघरात जो आदर आहे, त्याचाच इथे चोरीसाठी वापर केला जातो. ज्या छायाचित्राचा असा वापर होतो, तो जवान बिचारा कुठल्या सीमेवर उभा असेल, त्याला या प्रकाराचा पत्ताही नसतो. अशी बतावणी ओळखून केवळ फोन ठेवून देणे, हे त्या गणवेशाविषयीच्या आपल्या आदराला पुरेसे आहे काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आपण का कळवत नाही?

न कळवण्याची तीन कारणे सर्वत्र आढळतात.

पहिले कारण लाज. सुशिक्षित माणसाला ती अधिक वाटते. 'लोक काय म्हणतील, मुले काय म्हणतील' या विचाराने माणूस रात्रभर तळमळतो, पण घरात सांगत नाही. वास्तविक घरफोडी झाली, तर आपण घरमालकाला दोष देत नाही. मग इथेच लाज फसलेल्याने का बाळगावी? ही माणसे हाच व्यवसाय करतात. घाई, भीती, लोभ, दया या मनाच्या अवस्था कशा जागवायच्या याचा त्यांना सराव असतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ मध्ये 'राजू आणि चाळीस चोर' या आशयाची एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. फसवणुकीचे चाळीस प्रकार सांगावे लागावेत, यातच सामान्य माणसासमोरील आव्हान किती मोठे आहे हे दिसते.

दुसरे कारण, 'माझे काही गेले नाही ना, मग कशाला?' हा विचार. याचे उत्तर थोड्या वेळाने देतो, कारण तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

तिसरे कारण, 'तक्रार करून काय होणार?' ही निराशा. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. गेलेला प्रत्येक रुपया परत येत नाही, हे सत्य आहे. परंतु सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, तोपर्यंत १७ लाख ८२ हजारांहून अधिक तक्रारींमध्ये ५,४८९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम चोरांच्या हाती पडण्यापूर्वी वाचवता आली. ही रक्कम ज्यांनी कळवले, त्यांचीच वाचली.

पैसे गेले असतील तर

तक्रार केल्यावर प्रत्यक्ष काय घडते, हे समजले की वेळेचे मोल कळते. चोर आलेली रक्कम एका खात्यात ठेवत नाही. काही मिनिटांत ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात जाते आणि शेवटी एटीएममधून काढली जाते किंवा अन्य मार्गाने नाहीशी होते. म्हणून फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या पुढाकाराने ही व्यवस्था सुरू झाली. आरंभी तिचा क्रमांक वेगळा होता, पुढे तो १९३० झाला. आपली माहिती नोंदवली गेली की ती तत्काळ संबंधित बँकेकडे जाते. रक्कम अद्याप त्या खात्यात असेल, तर बँक ती रोखून धरते. पुढे गेली असेल, तर सूचनाही तिच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. थोडक्यात, ही चोर आणि सूचना यांच्यातील धावण्याची शर्यत आहे. आपण अर्धा दिवस विचार करण्यात घालवला, तर शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलेली असते.

दूरध्वनी करताना चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात. आपली बँक आणि खाते, गेलेली रक्कम, दिनांक व वेळ, आणि व्यवहाराचा क्रमांक. हा व्यवहार क्रमांक ॲपमधील त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. ज्या यूपीआय ओळखीवर पैसे गेले ती, तसेच ज्या क्रमांकावरून दूरध्वनी आला तो क्रमांकही टिपून ठेवावा. संदेश, पडद्याची छायाचित्रे पुसून टाकू नयेत. संतापाच्या किंवा शरमेच्या भरात अनेक जण सर्व काही पुसून टाकतात आणि पुरावाच नष्ट होतो. दूरध्वनीवर नोंद झाल्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर चोवीस तासांच्या आत संपूर्ण तपशील भरावा आणि पोचक्रमांक जपून ठेवावा.

त्याच वेळी स्वतःच्या बँकेलाही कळवावे. बँकेचा क्रमांक आपल्या पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरावा. महाजालावर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा' क्रमांक हा अनेकदा दुसऱ्या चोराचाच असतो. ॲपमध्येही त्या व्यवहारावर तक्रार नोंदवण्याची सोय असते, तीही वापरावी. आणि एक सूचना कायम लक्षात ठेवावी. तक्रारीनंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असे सांगणारा कोणीही आला, तर तो मदतनीस नसून पहिल्या चोराचाच भाऊबंद आहे असे समजावे.

बँकेला कळवण्याचे कायदेशीर महत्त्व

अनेकांना ठाऊक नसलेली एक बाब इथे सांगणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी सोसायचे, याचे तत्त्व त्यात ठरवून दिले. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अन्यत्र कुठेतरी दोष आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तरीही त्याचे दायित्व शून्य. उशीर झाला की त्याचा वाटा वाढत जातो. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी देण्याचा निष्काळजीपणा केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. परंतु कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. तसेच ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच ठेवलेला आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पैसे गेले तो क्षण जितका महत्त्वाचा, तितकाच आपण कळवले तो क्षणही महत्त्वाचा. न्यायालयांनीही हे मान्य केले आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका राष्ट्रीयीकृत बँकेला ७६ लाख ९० हजार रुपये ग्राहकाला परत करण्याचा आदेश दिला. ते प्रकरण नेटबँकिंगचे होते. ग्राहकाने विनाविलंब सायबर पोलिसांकडे धाव घेतली होती आणि न्यायालयाने याच परिपत्रकाचा आधार घेतला. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एका ग्राहकाच्या ९४,२०४ रुपयांच्या प्रकरणात बँकेचे दायित्व कायम ठेवले. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते.

बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी वकील लावण्याची आवश्यकता नाही. मात्र आपण बँकेला कधी व काय कळवले याचा लेखी पुरावा आपल्यापाशी हवा.

पैसे गेले नसतील तर

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. माझे काहीच गेले नाही, मी मागणी नाकारली, मग मी का कळवावे?

सुजाण माणसाने नाकारलेली मागणी ही तपास यंत्रणेच्या दृष्टीने अत्यंत मोलाची वस्तू आहे. तिच्यात चोराचा चालू क्रमांक आहे, त्याची यूपीआय ओळख आहे, त्याची बतावणी आहे, आणि अद्याप कोणाचे नुकसान झालेले नाही. हीच माहिती एखादा फसल्यानंतर मिळाली, तर ती पंचनाम्याची होते. आधी मिळाली, तर प्रतिबंधाची होते.

दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये संचार साथी या संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय सुरू केली. पैसे गेलेले नाहीत, परंतु संशयास्पद दूरध्वनी, लघुसंदेश किंवा व्हॉट्सॲप संदेश आला आहे, अशा वेळी ती वापरायची आहे. पुढे मे २०२५ मध्ये याच विभागाने क्रमांकांची जोखीम ठरवणारी एक पद्धत आणली. सायबर गुन्ह्यांच्या तक्रारी, चक्षूवरील नोंदी आणि बँकांकडील माहिती यांच्या आधारे एखादा भ्रमणध्वनी क्रमांक मध्यम, उच्च किंवा अतिउच्च जोखमीचा ठरवला जातो आणि ती सूचना बँका व पेमेंट ॲप यांच्यापर्यंत पोहोचते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ही माहिती आपल्या यंत्रणेशी जोडून घेण्याचा सल्ला दिला. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही संशयित क्रमांक किंवा यूपीआय ओळख नोंदवण्याची आणि तपासून पाहण्याची सोय आहे.

म्हणजेच, पुण्यातील एका गृहिणीने दोन मिनिटे खर्चून केलेली नोंद नांदेडच्या एखाद्या शेतकऱ्याचा व्यवहार वेळीच थांबवू शकते. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, कधी भेटणारही नाहीत. ज्याचे नुकसान टळले, त्याला आपले नुकसान होणार होते हेही कळणार नाही. समाज ज्याला म्हणतात, तो अशाच अनामिक उपकारांवर उभा असतो.

घर आणि वस्ती

कार्यकर्त्यांसाठी आता थोडे प्रत्यक्ष काम सांगतो. आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या वस्तीशी, गृहनिर्माण संस्थेशी, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याशी किंवा महिलांच्या बचत गटाशी जोडलेला आहे. तेथे मोठे भाषण करण्याची गरज नाही. सूचनाफलकावर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. ज्येष्ठांच्या शेजारी बसून एकदा ॲपमध्ये व्यवहाराचा तपशील कुठे दिसतो, तक्रार कुठे करायची, ऑटोपेच्या संमती कुठे पाहायच्या, हे त्यांच्याच हाताने करवून घ्यावे. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर समोरच्याचे बँकेतील नाव दिसते. जून २०२५ अखेरपासून ॲपनी हेच नाव दाखवणे बंधनकारक झाले आहे. ते वाचण्याची सवय लावावी.

घरातील तरुणांना आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. चोरीचे पैसे ज्या खात्यांमधून फिरतात, ती खाती अनेकदा सामान्य विद्यार्थ्यांची, बेरोजगार मुलांची असतात. महिन्याला थोड्या रकमेच्या लोभाने खाते, सिमकार्ड किंवा एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला देणे हा भोळेपणा मानला जात नाही. तोतयेगिरीने संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमेही लागू होतात. खाते देणाऱ्याच्या दारी पोलीस सर्वांत आधी येतात, कारण कागदोपत्री नाव त्याचे असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फसलेल्या माणसाशी कसे वागावे. वडिलांनी धीर करून सांगितले की पैसे गेले, तर पहिला प्रश्न 'तुम्ही असे कसे केलेत?' हा नसावा. 'किती वाजता गेले? १९३० ला लावला का?' हा असावा. पहिल्या प्रश्नाने वडील पुढच्या वेळी गप्प बसतील. दुसऱ्या प्रश्नाने कदाचित पैसे वाचतील. ज्या घरात चूक सांगण्याची भीती नसते, त्या घरात चोराला सवड मिळत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या गावांत पूर्वी रात्री गस्त घालणारा जागल्या हाक देत असे. ज्याच्या घरी चोर शिरला नाही, त्यालाही ती हाक ऐकू जात असे. आता चोर दिवसाढवळ्या, हातातल्या यंत्रातून येतो आणि प्रत्येकाला एकट्याला गाठतो. त्यामुळे हाक देण्याचे काम आता कोणा एकाकडे राहिलेले नाही. आज घरी गेल्यावर आपला भ्रमणध्वनी उघडा. गेल्या महिनाभरात आलेला एक तरी संशयास्पद संदेश त्यात निश्चित सापडेल. तो पुसून टाकण्यापूर्वी कळवा. इतके आपण सर्वांनी आज केले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानेन.